पंधरा सेंटिमीटर कुठे गेले? प्रक्षेप्य गतीच्या एका पाठाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दहावीच्या दोन तुकड्या, एकच विज्ञान शिक्षिका आणि प्रक्षेप्य गतीसाठी, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीसाठी, आठ तासिका. ओळख पटेल असा बाकीचा तपशील गाळला आहे. शिक्षिका अनुभवी होत्या आणि हा भाग त्यांनी पूर्वी बऱ्याचदा शिकवला होता. क्रम ठरलेला असे: वेगाचे दोन घटक, उड्डाणकाळ, कमाल उंची, पल्ला, मग उदाहरणं. मुलं उदाहरणं सोडवत, गुण बरे पडत, पुढचा धडा सुरू होई.

यावेळी त्यांनी पहिल्या चाचणीत एक बिनआकड्यांचा प्रश्न घातला. चेंडू तिरका वर फेकला आहे. हातातून सुटल्यावर वर जाताना, सर्वांत वरच्या बिंदूवर आणि खाली येताना, अशा तीन ठिकाणी चेंडूवर कोणती बलं आहेत ती बाणांनी दाखवा, हवेचा रोध धरू नका. उत्तर अगदी छोटं आहे: तिन्ही ठिकाणी एकच बाण, सरळ खाली, सारख्याच लांबीचा. चाचणीचे पेपर तपासून झाल्यावर त्यांनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "येऊन बसाल का वर्गात? मी नक्की काय शिकवतेय ते मलाच कळेनासं झालंय."

अडचण नेमकी कुठे होती

बहुतेक मुलांनी वर जाणाऱ्या चेंडूवर वरच्या दिशेचा एक जाड बाण काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं "हाताचं बल". शिखरावर हा बाण आणि गुरुत्वाचा बाण समान, म्हणून "बल शून्य". खाली येताना गुरुत्व जिंकतं. चित्र सुसंगत होतं, आणि खरी पंचाईत हीच होती. मुलं गोंधळलेली नव्हती. त्यांच्याकडे एक पूर्ण सिद्धान्त होता, फक्त तो न्यूटनचा नव्हता.

एका मुलाला विचारलं, चेंडू हातातून सुटला, मग हाताचं बल त्याच्यापर्यंत पोचतं कसं? तो म्हणाला, "हात नाही पोचत, पण हातानं दिलेलं त्याच्यात भरलेलं असतं ना. ते संपत जातं." हे उत्तर ऐकून मला हसू आलं नाही. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये शिकवणारा ज्याँ बुरिदाँ जवळपास हेच सांगत होता. फेकणारा वस्तूत एक जोर भरतो, असं त्याचं म्हणणं होतं. फरक इतकाच, की बुरिदाँच्या मते हा जोर आपोआप संपत नाही, हवेचा रोध आणि वस्तूचं वजन त्याला संपवतात. मुलाच्या चित्रापेक्षा ते पुष्कळ पुढचं होतं. १५३७ मध्ये इटालियन गणितज्ञ तार्तालियाने तोफगोळ्याचा मार्ग तीन तुकड्यांत मांडला होता: आधी सरळ तिरका, मग वर्तुळाचा तुकडा, मग सरळ खाली. वहीतली बरीच चित्रं त्याचीच नक्कल वाटावीत अशी होती, आणि मुलांनी तार्तालियाचं नावही ऐकलं नव्हतं.

दुसरा धागा हुशार म्हणवल्या जाणाऱ्या एका मुलीच्या पेपरात सापडला. टेबलाच्या कडेवरून आडवी सुटलेली गोटी किती लांब पडेल, असा प्रश्न होता. तिने पल्ल्याचं पाठ केलेलं सूत्र घेतलं, चालीचा वर्ग गुणिले साइन दोन थीटा भागिले जी (थीटा म्हणजे फेकण्याचा कोन, जी म्हणजे गुरुत्व त्वरण), आणि त्यात कोन शून्य घातला. साइन शून्य म्हणजे शून्य. उत्तर: पल्ला शून्य मीटर. खाली दोन रेघा मारून एककही लिहिलं होतं. हे सूत्र जिथून फेकलं त्याच पातळीवर वस्तू परत येते तेव्हाच लागू पडतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलेलं वाक्य आणि समोरची गोटी यांची कधी भेटच झाली नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, आणखी उदाहरणं सोडवून घेणं. वेळ कमी लागला असता आणि परीक्षेतले गुणही कदाचित वाढले असते. पण बलांचं चित्र चुकलेलं असतानाही उदाहरणं बरोबर सुटतात, हे नुकतंच दिसलं होतं.

दुसरा, संगणकावरचं सिम्युलेशन. शिक्षिकेचा कल आधी इकडे होता. माझा विरोध होता, आणि आजही आहे, निदान पहिल्या पायरीला तरी. पडद्यावरचा चेंडू अन्वस्तावर (पॅराबोलाच्या वक्रावर) फिरतो कारण तसं त्याला सांगितलेलं असतं. ज्याच्या मनात वेगळं चित्र आहे त्याला तो फार तर "कॉम्प्युटरमध्ये असं होतं" एवढंच पटवतो.

तिसरा पर्याय दोन नाण्यांचं प्रात्यक्षिक: एक टेबलाच्या कडेवरून नुसतं सोडायचं, दुसरं त्याच क्षणी आडवं टिचकीने उडवायचं, आणि जमिनीवरचा आवाज ऐकायचा.

चौथा म्हणजे मुलांनी आधी आकडा काढायचा, गोटी कुठे पडणार त्या जागी खडूने फुली मारायची आणि मग गोटी सोडायची. यात अपमान होण्याचा धोका असतो, मुलांचाही आणि शिक्षकाचाही. शिक्षिकेने तिसरा आणि चौथा निवडला.

नाणी: पहिला निर्णय

पहिल्या तुकडीत त्यांनी नाणी थेट पाडली. दोन्ही नाण्यांचा एकच "टक्" आवाज आला. "कळलं का?" वर्गाने एका सुरात "हो" म्हटलं. लगेच पुढे विचारलं, का? तेव्हा कोणी म्हणालं, "उडवलेलं नाणं जोरात गेलं, म्हणून लांबचं अंतरही तेवढ्याच वेळात कापलं." म्हणजे प्रात्यक्षिक पाहून झालं आणि जुनं चित्र जागचं हललं नाही, उलट त्याला एक नवा पुरावा मिळाला.

दुसऱ्या तुकडीत क्रम बदलला. आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं: कोणतं नाणं आधी, आणि का. लिहून झाल्याशिवाय नाणं हातात घ्यायचं नाही. निम्म्याहून जास्त मुलांनी नुसतं सोडलेलं नाणं आधी पडेल असं लिहिलं, कारण "दुसऱ्याला लांब जायचंय". आवाज एकच आल्यावर वर्गात दोन सेकंद शांतता होती, मग "परत करा" असा ओरडा झाला. तीन वेळा केलं. कोणीतरी टिचकी जोरात मारायला सांगितली. नाणं भिंतीपर्यंत उडालं, तरी टक् एकच. त्यानंतरची चर्चा शिक्षिकेने फळ्यावर एकही सूत्र न लिहिता पंधरा मिनिटं चालू दिली, आणि आडवी गती खाली पडण्यात ढवळाढवळ करत नाही हे वाक्य एका मुलाने स्वतःच्या शब्दांत म्हटलं. नाणी तीच आणि टेबलही तेच होतं. फरक फक्त आधी वहीत लिहिलेल्या एका ओळीचा.

खडूची फुली

पुढच्या तासिकेची मांडणी अशी. प्लास्टिकचा अरुंद चॅनेल, आतली रुंदी ७ मिलिमीटर, वाकवून उतार केलेला, शेवटचा तुकडा टेबलाच्या कडेशी आडवा. त्यावरून बेअरिंगचा १६ मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा सोडायचा. सोडण्याची जागा आडव्या तुकड्यापेक्षा २० सेंटिमीटर वर, टेबलाची उंची ८० सेंटिमीटर. कडेखालचा बिंदू ओळंब्याने जमिनीवर घेतला. जमिनीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर, म्हणजे छर्रा पडेल तिथे ठिपका उमटतो.

गणित मुलांनी केलं. स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, म्हणून कडेशी चाल सुमारे १.९८ मीटर प्रति सेकंद. ८० सेंटिमीटर खाली पडायला ०.४ सेकंद. गुणाकार केला की पल्ला ८० सेंटिमीटर. एका गटाने आकडे न घालता अक्षरांतच गणित केलं आणि त्यांना दिसलं, की गुरुत्व त्वरण शेवटी उरतच नाही: पल्ला = २ × √(उताराची उंची × टेबलाची उंची). "म्हणजे चंद्रावर पण इथेच पडेल?" हो, तिथेच. चंद्रावर छर्रा उतारावरून हळू येईल, पण पडायलाही तितकाच जास्त वेळ घेईल. माझ्या मते त्या दिवशीचं सर्वांत सुंदर वाक्य हेच होतं, पण ते घाईत निसटलं, कारण सगळ्यांचं लक्ष खडूच्या फुलीकडे होतं.

छर्रा सोडला. ठिपका ६५ सेंटिमीटरवर पडला. पुन्हा सोडला, पुन्हा ६५. दहा वेळा सोडला, तरी सगळे ठिपके एक सेंटिमीटरच्या आत, आणि फुली तिथून १५ सेंटिमीटर पुढे एकटीच.

तफावत आणि दुसरा निर्णय

तास संपायला सात मिनिटं होती. शिक्षिकेने सवयीने फळ्यावर लिहिलं: "कारण: हवेचा रोध व घर्षण". मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, हवा धरायची नाही?" वर्ग हसला, घंटा झाली.

शिक्षक-खोलीत आम्ही दोघं बसलो. या घडीला तीन वाटा होत्या. फळ्यावरचं वाक्य तसंच ठेवून पुढे जायचं. प्रयोगवहीत "त्रुटींची कारणं" या मथळ्याखाली तेच तर लिहिलेलं असतं. किंवा उताराची उंची जराशी वाढवून ठिपका फुलीवर आणायचा. हा मोह खरा होता आणि आम्ही त्यावर हसत का होईना बोललो. किंवा वर्गात जाऊन सांगायचं की कारण सापडलेलं नाही.

मी हवेचा अंदाज कागदावर काढला. छर्ऱ्याचं वस्तुमान साधारण १७ ग्रॅम. जमिनीला टेकताना, म्हणजे सर्वांत वेगात असतानाही, हवेचा रोध त्याच्या वजनाच्या एक टक्क्यापेक्षा कमी. पल्ल्यात फरक पडेल तो एखाद-दोन मिलिमीटरचा. आणि आपल्याला हिशेब द्यायचा होता १५० मिलिमीटरचा. हवा निर्दोष सुटली.

शिक्षिकेने तिसरी वाट घेतली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाक्य पुन्हा लिहिलं, त्यावर काट मारली आणि म्हणाल्या, "काल मी हे न मोजता लिहिलं. कारण मला माहीत नाही. तुम्हाला कशाचा संशय आहे?" या वाक्याला किती धैर्य लागतं ते फळ्यासमोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

संशयितांची यादी झाली. चॅनेलचं टोक खाली झुकलंय: पाणसळ लावून पाहिलं, आडवंच होतं, आणि तीन अंश झुकलं असतं तरी फरक दीड-दोन सेंटिमीटरचाच पडला असता. टेबलाची उंची चुकली: मोजली, बरोबर. हवा: इथे एका मुलाने मला सुचली नव्हती अशी युक्ती काढली. तेवढ्याच आकाराची काचेची गोटी घ्यायची. वजन जवळपास एक तृतीयांश, हवेला अडवायला अंग तेवढंच, म्हणजे दोष हवेचा असेल तर तफावत तिप्पट व्हायला हवी. गोटी पडली ६५ च्या आतबाहेर, पोलादाच्या ठिपक्यांशेजारी. माझ्या आकडेमोडीपेक्षा ही एक गोटी वर्गाला जास्त पटली, आणि पटायलाच हवी होती.

मध्ये एक फसगतही झाली. उत्साहात कोणीतरी टेबल टेनिसचा चेंडू सोडला. तो साठच्याही अलीकडे पडला आणि "बघा, हवाच!" असा जल्लोष झाला. त्या चेंडूत दोन गोष्टी एकदम बदलतात: तो हलका आहे म्हणून हवा त्याला अडवते, शिवाय तो पोकळ आहे. पोकळ असण्याचा इथे काय संबंध, हे अजून कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून तो चेंडू शिक्षिकेने बाजूला ठेवला, "याच्याकडे नंतर येऊ" म्हणून. हा निर्णय मला योग्य वाटला.

उरलं घर्षण. शिक्षिकेने विचारलं, छर्रा उतारावरून येतो तेव्हा काय करतो? "खाली येतो." अजून? बराच वेळाने कोणीतरी म्हणालं, "गोल फिरतो." तिथे कुलूप उघडलं. खाली येताना मिळालेली सगळी ऊर्जा पुढे जाण्यात खर्ची पडत नाही. तिचा वाटा स्वतःभोवती फिरण्यातही जातो. सपाट पृष्ठावर घरंगळणाऱ्या भरीव गोलाच्या बाबतीत हा वाटा एकूण गतिज ऊर्जेच्या दोन सप्तमांश असतो. पाच सप्तमांशच पुढे जाण्यासाठी उरतात, आणि पल्ला त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो: ८० चे ६७.६ सेंटिमीटर. दहावीला जडत्व आघूर्ण (वस्तुमान अक्षाभोवती कसं पसरलं आहे याचं माप) नाही, त्यामुळे दोन सप्तमांश कुठून आले हे सिद्ध केलं नाही, "हे आता माझ्यावर विश्वास ठेवून घ्या" असं सरळ सांगितलं. घर्षण म्हणणारी मुलं अर्धी बरोबर होती, पण वेगळ्या अर्थाने. घर्षणाने ऊर्जा खाल्ली नव्हती. छर्ऱ्याला घसरू न देता फिरायला लावलं होतं.

राहिलेले अडीच सेंटिमीटर? छर्रा चॅनेलच्या तळावर टेकतच नव्हता, दोन कडांवर बसून घरंगळत होता. त्यामुळे तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागत, आणि फिरण्यातला वाटा वाढे. ७ मिलिमीटर रुंदी धरून मी हिशेब केला तर ६५.४ आले. हे वर्गात सांगितलं नाही. एकीने स्वतः येऊन विचारलं, तिला सांगितलं. टेबल टेनिसच्या चेंडूचंही कोडं इथेच सुटतं: पोकळ गोलाचं सगळं वस्तुमान बाहेरच्या कवचात, म्हणून फिरण्यात जाणारा वाटा आणखी मोठा, दोन पंचमांश.

निष्पत्ती

तीन आठवड्यांनी बाणांचा प्रश्न पुन्हा दिला, यावेळी चेंडूऐवजी उडी मारणाऱ्या माणसाचं चित्र. दुसऱ्या तुकडीत वर जाणारा बाण बऱ्यापैकी नाहीसा झाला होता. पहिल्या तुकडीत कमी प्रमाणात. छर्ऱ्याचा प्रयोग दोन्ही तुकड्यांनी सारखाच केला होता, म्हणून या फरकाचं श्रेय मी नाण्यांच्या तासिकेला देतो, पण दोन तुकड्या मुळातच वेगळ्या असतात, त्यामुळे फार ताणणार नाही.

शिखरावर "बल शून्य" मात्र चिवट निघालं. तिथे उभा वेग शून्य असतो, आणि वेग शून्य म्हणजे बल शून्य ही गाठ नाणी किंवा छर्रा यांपैकी कशानेच सुटली नव्हती. सुटणार तरी कशी, आमच्या एकाही प्रयोगात शिखर नव्हतंच; सगळं टेबलावरून खाली. ४५ अंशांना पल्ला सर्वाधिक हे वाक्यही मुलं अजून कुठेही लावतात. उंचावरून फेकताना तो कोन ४५ पेक्षा कमी असतो, हे सांगायला वेळ उरला नाही.

आणि आठ तासिकांच्या अकरा झाल्या. पुढचा धडा घाईत गेला.

पुन्हा करायचं झालं तर

आमची मुख्य चूक प्रयोगाच्या मांडणीत होती आणि ती माझ्याही लक्षात आली नाही. आम्हाला विचारायचं होतं, आडवी आणि उभी गती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का. पण चाल उताराच्या उंचीवरून काढल्यामुळे त्याच ठिपक्याला दुसराही प्रश्न विचारला गेला: सगळी ऊर्जा पुढे जाण्यात येते का? पहिल्याचं उत्तर "हो", दुसऱ्याचं "नाही", आणि कागदावर उमटला एकच ठिपका. १५ सेंटिमीटर त्या दुसऱ्या प्रश्नाचे होते.

त्यापेक्षा चाल काढायचीच नाही. छर्रा प्रत्येक वेळी त्याच उंचीवरून सोडायचा, म्हणजे चाल जी काही असेल ती तीच राहील, आणि फक्त खाली पडण्याची उंची बदलायची. ६० सेंटिमीटर उंच स्टूल कडेजवळ ठेवून त्यावर कागद ठेवला, की पडण्याची उंची ८० वरून २० होते. उंची चौथाई, म्हणून वेळ निम्मा, म्हणून पल्ला निम्मा. घरंगळणं, चॅनेलच्या कडा, सगळं गुणोत्तरात कटून जातं. शेवटच्या तासिकेत आम्ही हे घाईघाईने केलंही. बहुतेकांनी ६५ चा चौथा भाग म्हणून १६ वर फुली मारली होती. ठिपका पडला ३२ आणि ३३ च्या मध्ये. हा प्रयोग पहिला हवा होता.

यात एक ऐतिहासिक गंमत आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात लाकडी तुळईतल्या खाचेतून ब्राँझचा गोळा सोडण्याचं वर्णन केलं आहे. तोही घरंगळतच होता, आणि फिरण्यातल्या ऊर्जेचा हिशेब त्याच्याकडे नव्हता. तरी त्याचा नियम बिघडला नाही, कारण तो गुणोत्तरं विचारत होता: वेळ दुप्पट केला तर अंतर किती पट? पाच सप्तमांश वर आणि खाली दोन्हीकडे येऊन निघून जातात.

मात्र तफावतीचे ते दोन तास वाया गेले असं शिक्षिकेला वाटत नाही. माझं मत जरा वेगळं आहे: ते तास मुद्दाम, शेवटी, वेगळा प्रश्न म्हणून ठेवावेत. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

वर्ष संपताना दुसऱ्या तुकडीतली दोन मुलं प्रयोगशाळेत थांबली होती. छर्रा फिरतो म्हणून ६५, तर न फिरता घसरणारं काहीतरी सोडलं की ८० ला पडायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रुंद पट्टी तेवढ्याच उंचीवर बांधली आणि वरून बर्फाचा तुकडा सोडला. बर्फामुळे कार्बन पेपर भिजतो, म्हणून नुसता कागद पसरला होता. ओले डाग ७१ ते ७५ च्या दरम्यान पडले. दोघं जमिनीवर बसून डागांभोवती पेन्सिलीने रेघ ओढत होते, आणि उरलेल्या पाच ते नऊ सेंटिमीटरसाठी हवेचं नाव कोणीच घेत नव्हतं.